अठराव्या वर्षी नाव बदलायचंय: राजपत्र सोपं आहे, क्रम अवघड आहे

वाचकाचं पत्र

ऑगस्टमध्ये मला १८ वर्षं पूर्ण होतील. बारावी सायन्सला आहे. मी सातवीत असल्यापासून वडील आमच्यापासून वेगळे राहतात, घटस्फोट झालेला नाही. आईनंच वाढवलं, शिकवलं. माझ्या नावात मधे वडिलांचं नाव आणि शेवटी त्यांचं आडनाव आहे. ते दोन्ही काढून मला फक्त माझं आणि आईचं नाव लावायचंय. आई म्हणते, कागदपत्रांचा घोळ होईल, राहू दे. मामा म्हणतो, लग्नात बदलणारच आहे, आत्ता कशाला खटाटोप. आम्ही ओबीसी आहोत आणि मी सीईटी देणार आहे. वडिलांची सही लागेल का? ते अडवू शकतात का? गावच्या जमिनीतला माझा हक्क जाईल का? आणि नक्की सुरुवात कुठून करायची?
— मुक्ता (पत्रातलं नाव आम्ही बदललं आहे)

उत्तर

प्रिय मुक्ता,

तीन प्रश्नांची उत्तरं आधी. वडिलांची सही लागत नाही, ते अडवू शकत नाहीत आणि नाव बदलल्यामुळे वारसाहक्क जात नाही. आईची भीती मात्र खोटी नाही. घोळ होतो. पण तो नाव बदलल्यामुळे होत नाही, चुकीच्या वेळी आणि चुकीच्या क्रमानं बदलल्यामुळे होतो. म्हणून आमचं मत असं: नाव जरूर बदल, पण वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी राजपत्राचा, म्हणजे सरकारी गॅझेटमध्ये नवं नाव छापून घेण्याचा, अर्ज भरू नकोस. पुढच्या वर्षी सीईटीनंतरचा प्रवेश पक्का झाला की भर. ते का, हे सविस्तर सांगतो.

आधी कायद्याचं. नाव बदलण्यासाठी भारतात वेगळा असा एक कायदा नाही. १८७५ च्या सज्ञानता कायद्यानुसार १८ पूर्ण झाले की तू सज्ञान. तोवर असा अर्ज पालकानं करायचा असतो, त्यानंतर तो तुझ्या एकटीच्या सहीनं होतो. आपलं नाव काय असावं हे ठरवणं घटनेच्या कलम १९ मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं जिग्या यादव विरुद्ध सीबीएसई या खटल्यात जून २०२१ मध्ये स्पष्ट केलं. त्याच निकालात दुसरी बाजूही आहे. नाव निवडायचा हक्क तुझा, पण जुन्या नावानं दिलेली प्रमाणपत्रं बदलून देताना जाहीर सूचना, राजपत्र अशा अटी शिक्षण मंडळ घालू शकतं. हक्क आणि कागद यांच्यातलं हे अंतर ध्यानात ठेव, पुढचं सगळं त्यावरच आहे.

राजपत्राबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. राजपत्र म्हणजे सरकारची परवानगी नव्हे. तू अर्जात जे लिहिशील ते सरकार छापतं, एवढंच. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये, म्हणजे संकीर्ण सूचना व जाहिरातींच्या भागात, ‘नावात बदल’ या मथळ्याखाली या नोंदी येतात आणि त्यांच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही, असंही तिथेच छापलेलं असतं. म्हणजे इथे कोणी न्यायनिवाडा करत नाही, सुनावणी नसते, वडिलांना नोटीस जात नाही. त्यांनी विरोधाचं पत्र पाठवलं तरी सज्ञान मुलीनं स्वतःच्या नावासाठी केलेला अर्ज त्यामुळे थांबायचं कारण नाही. याची उलटी बाजूही आहे. राजपत्र छापून आलं म्हणून आधार, बँक, विद्यापीठ यातलं काहीही आपोआप बदलत नाही. प्रत्येक दारात ते घेऊन तुलाच जायचं आहे.

नाव नक्की कसं असणार?

पत्रात तू हे ठरल्यासारखं लिहिलं आहेस, पण आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याच ठिकाणी वाटते. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. लहानपणी स्पेलिंग दुरुस्त करायला एक संधी गेली असेल, तर तुझ्याकडे एकच उरली. आधारच्या संकेतस्थळावर अपडेटचा इतिहास दिसतो, तो आजच बघ. (पंधराव्या वर्षानंतर बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात, ते या दोनात धरत नाहीत. ते राहिलं असेल तर मात्र लगेच करून घे.)

आता पर्याय. पहिला, ‘मुक्ता – आईचं नाव – आडनाव’. यात फक्त मधला शब्द बदलतो, त्यामुळे कागद जुळवायला हे सगळ्यात सोपं. पण तुला आडनावही नकोय. दुसरा, ‘मुक्ता – आईचं नाव’, दोनच शब्द. यात आईचं नाव आडनावाच्या रकान्यात जाईल आणि मधला रकाना रिकामा राहील. तिसरा, नुसतं ‘मुक्ता’. तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नकोस. ऐकायला छान वाटतं, पण आडनावाचा रकाना रिकामा असला की ऑनलाइन अर्ज पुढेच सरकत नाहीत. पॅनच्या अर्जात एकच शब्द असेल तर तो आडनावाच्या जागी लिहावा लागतो. अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे पहिलं नाव अज्ञात, असं छापून येतं. पासपोर्टवर एकच शब्द असलेल्यांना संयुक्त अरब अमिरातीनं नोव्हेंबर २०२२ पासून पर्यटन व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली. तुला आज दुबईला जायचं नसेल, पण नाव जन्मभरासाठी घेते आहेस.

दुसरा पर्याय व्यवहारात चालतो. त्यात अडचण एकच. आपल्याकडच्या माणसाला मधे वडिलांचं नाव टाकायची इतकी सवय आहे, की आपले सरकार सेवा केंद्रातला ऑपरेटर विचारतही नाही. समजा आईचं नाव वैशाली आहे. तू ‘मुक्ता वैशाली’ सांगितलंस की तो ‘वैशाली’ मधल्या रकान्यात टाकतो आणि आडनाव म्हणून जुनंच भरतो, कारण समोर दाखला जुन्या नावाचा असतो. सबमिट करण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवून घे आणि तिन्ही रकाने स्वतः वाच.

आता जो प्रश्न तू विचारलाच नाहीस: आईचं कुठलं नाव? आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायची रीत होती, अजूनही कुठेकुठे आहे. शाळेच्या दाखल्यावर सुनंदा आणि आधारवर वैशाली, अशा कितीतरी आया आहेत. तुझ्या आईचं असं असेल, तर तुझ्या जन्मदाखल्यावर आईचं जे नाव आहे आणि तिच्या आधारवर जे आहे, ते नाव घे. ती दोन वेगळी असतील तर आधी आईचं कागदोपत्री नाव एक होऊ दे, मगच तुझा अर्ज. कारण पुढे प्रत्येक फॉर्ममध्ये ‘आईचे नाव’ हा वेगळा रकाना असतोच. तुझ्या नावात एक आणि त्या रकान्यात दुसरं असं झालं, की समजावत बसायची पाळी येते. आईला माहेरचं नाव परत हवं असेल तर तिनंही हीच वाट धरावी, आणि आधी तिचं होऊ दे.

इंग्रजी स्पेलिंगही आत्ताच ठरव. वैशालीच्या शेवटी ‘आय’ की दोन ‘ई’? आधार, पॅन आणि पासपोर्ट इंग्रजी अक्षरांवर चालतात, म्हणून आईच्या आधारवर जे स्पेलिंग आहे तेच अक्षरन् अक्षर उचल. अंकशास्त्रवाल्याकडून एखादं जास्तीचं ‘ए’ घालून घ्यायचा मोह कोणी दाखवला तर नको म्हण.

एक खुलासा. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम राज्य शासनानं सक्तीचा केला आहे. ‘आता आईचं नाव आपोआप लागतं, राजपत्र कशाला?’ असं तुला कोणीतरी सांगेल. तो निर्णय तुझ्या जन्मसालाला लागू नाही, आणि त्यात वडिलांचं नाव काढण्याचीही सोय नाही.

थांबायचं ते का

तू ओबीसी आहेस आणि सीईटी देणार आहेस, म्हणून जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे तुझा जातीचा दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र, हा तुझ्या बाबतीतला कळीचा कागद. नाव बदललं म्हणून जात बदलत नाही आणि आरक्षणही जात नाही. पण जात पडताळणी समिती वंशावळ बघते, आणि ती वडिलांकडची. तुझा दाखला, वडिलांचा, आजोबांचा, शक्यतो १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा एखादा पुरावा, अशी साखळी लागते. ओबीसींसाठी ही मानीव तारीख आहे, म्हणजे त्या दिवशी कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं हे दाखवावं लागतं. या साखळीत तुझं नाव वडिलांच्या नावाशी जोडणारा दुवा म्हणजे तुझं आत्ताचं मधलं नाव आणि आडनाव. तेच आधी काढून टाकलंस तर समितीसमोर ‘ही मुलगी याच घरातली’ हे वेगळं सिद्ध करत बसावं लागेल. शेवटी होईलही सिद्ध, पण प्रवेशाच्या तारखा समितीसाठी थांबत नाहीत.

म्हणून वैधता प्रमाणपत्र जुन्या नावानंच काढ. बारावी सायन्सच्या मुलांचे अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जातात. अजून भरला नसेल तर या आठवड्यात कॉलेजच्या कार्यालयात विचार. वडिलांशी बोलणं नसेल तर त्यांच्याकडचे कागद मिळवणं ही खरी अडचण. अशा वेळी काका, आत्या, चुलत भावंडं उपयोगी पडतात. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला आधीच वैधता मिळालेली असेल तर तिची प्रत हा भक्कम पुरावा असतो. काकांशी संबंध बरे असतील तर नाव बदलायचा विषय काढण्याआधी ही प्रत मागून घे. हे थोडं व्यवहारी वाटेल, पण नंतर मागणं जड जातं.

दुसरं कारण दहावीची गुणपत्रिका. सीईटीचा अर्ज, नॉन क्रिमीलेअर, अधिवास प्रमाणपत्र, बारावीचा फॉर्म, आधार, या सगळ्यांवरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी ताडून बघितलं जातं. ऑगस्टमध्ये आधार बदललंस तर प्रवेशाच्या ऐन धामधुमीत आधार एका नावाचं आणि बाकी सगळं दुसऱ्या नावाचं, अशी स्थिती होईल. नियमानं राजपत्र जोडलं की चालतं. पण कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला ते पटेपर्यंत फेरीची मुदत संपायला नको.

जुन्या कागदांचं काय होणार तेही ऐक. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर जनरल रजिस्टरमधलं, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतलं, नाव सहसा बदलत नाहीत. लिहिताना झालेली उघड चूक दुरुस्त होते, मोठेपणी निवडलेलं नवं नाव हा त्यात बसणारा प्रकार नाही. म्हणून दहावी-बारावीची प्रमाणपत्रं जुन्या नावानंच राहतील, असं धरून चाल. त्यांच्यामागे वेळ आणि पैसा घालवू नकोस. जुनं प्रमाणपत्र आणि सोबत राजपत्र, ही जोडी आयुष्यभर चालते. लग्नानंतर नाव बदललेल्या बायका पिढ्यान् पिढ्या तशाच नोकऱ्या करत आल्या आहेत.

जन्मदाखल्याचंही तेच. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम १५ खाली नोंद दुरुस्त होते ती चुकीची असेल तर. तुझी नोंद जन्माच्या वेळी बरोबरच होती. ती तशीच राहू दे. त्यात तुझा फायदाही आहे, तो पुढे सांगतो.

थांबताना काय करायचं नाही

हा वेळ वाया जाणारा नाही. १८ पूर्ण झाले की घरचे आणि मित्रमैत्रिणी मागे लागतील: मतदार यादीत नाव घाल, लायसन्स काढ, पॅन काढ. ते सगळं थोडं लांबव. मतदार नोंदणी वर्षातून चार तारखांना धरून होते (१ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर), उशिरा नोंदवल्याचा दंड नाही. आज जुन्या नावानं काढलेला प्रत्येक कागद उद्या दुरुस्त करायचा कागद आहे. पॅन अजून नसेल तर ते थेट नव्या नावानंच निघेल आणि प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत जुनं नाव कधी येणारच नाही. अठराव्या वर्षी नाव बदलण्यात हीच तर गंमत आहे, बदलायला फारसं काही जमलेलंच नसतं. तिशीत हे करणाऱ्याला गृहकर्ज, भविष्य निर्वाह निधी, विमा, पासपोर्ट आणि दोन-चार बँका अशी सगळी वरात सोबत घेऊन फिरावं लागतं.

बँकेचं खातं अपवाद. ते अज्ञान खातं असेल तर १८ नंतर नव्यानं केवायसी आणि सही द्यावी लागते, नाहीतर व्यवहार अडतात. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून मिळणारी शिष्यवृत्ती आधारला जोडलेल्या खात्यात येते, म्हणून खातं बंद ठेवणं परवडणार नाही. ते सध्या जुन्या नावानं चालू ठेव, नंतर बदलणं कठीण नाही.

प्रवेश पक्का झाल्यावर

राजपत्राचा अर्ज ऑनलाइन असतो. शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशने संचालनालयाच्या संकेतस्थळावर किंवा आपले सरकार पोर्टलवरून जाता येतं. फोटो, सही, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि जुन्या नावाचा पुरावा स्कॅन करून ठेव. जातीचा दाखला जोडला तर मागासवर्गीयांना शुल्कात सवलत असते. शुल्क वेळोवेळी बदलतं, म्हणून पोर्टलवर दिसेल तेवढंच भर. एजंट त्याच्या कितीतरी पट मागतात आणि तोच फॉर्म भरतात.

फॉर्ममध्ये जुनं नाव लिहिताना आधारवर आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच लिही, चुकीचं स्पेलिंग असलं तरी. जुन्या नावाच्या रकान्यात ते ‘सुधारून’ लिहिण्याची चूक फार जण करतात. मग राजपत्रातलं जुनं नाव तुझ्या कुठल्याच कागदाशी जुळत नाही आणि सगळी मेहनत फुकट जाते. आधार आणि गुणपत्रिकेवरची स्पेलिंगंच वेगळी असतील, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेव.

बदलाचं कारण एका ओळीत संपव. वडिलांनी काय केलं, आईनं किती सोसलं, हे तिथे लिहायचं नाही. राजपत्र कोणीही वाचू शकतं. प्रतिज्ञापत्रातही तेवढंच: मी अमुक, जन्मतारीख अमुक, आजवर या नावानं ओळखली जात होते, यापुढे या नावानं ओळखली जाईन, दोन्ही नावांची व्यक्ती एकच. शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. ‘पाचशेचा स्टॅम्प लागेलच’ असं कोर्टाबाहेर कोणी म्हणालं तर कुठल्या कार्यालयासाठी लागेल ते विचार.

केंद्राचं राजपत्र हवं का? तुझं शिक्षण राज्य मंडळाचं आणि राहणंही महाराष्ट्रातलं, त्यामुळे राज्याचं पुरतं. केंद्राच्या राजपत्राला, म्हणजे त्याच्या भाग चारला, वर्तमानपत्रातली जाहिरात आणि साक्षीदारांच्या सह्यांसह वेगळा संच दिल्लीला पाठवावा लागतो. समोरच्या कार्यालयानं लेखी मागितल्याशिवाय त्यात पडू नकोस.

अंक प्रसिद्ध झाला की पीडीएफ उतरवून घे. एका पानावर डझनावारी नावं असतात. त्यात आपली नोंद शोध आणि एकेक अक्षर जुन्या-नव्या कागदाशी लावून बघ. चूक दिसली तर आधी ती निस्तर. चुकीचं राजपत्र आधारला लावलंस तर दोनातली एक संधी तिथे जळते. बरोबर असेल तर अंकाचं पहिलं पान आणि तुझ्या नोंदीचं पान अशा पाच-सहा रंगीत प्रती काढ, नोंदीला पेननं चौकट कर आणि मूळ फाइल ईमेल, फोन, पेनड्राइव्ह अशा तीन ठिकाणी ठेव.

मग आधार. राजपत्र आणि जुन्या नावाचं एखादं ओळखपत्र घेऊन केंद्रात जा. पावतीवर नवं नाव कसं टंकलं आहे ते तिथेच उभं राहून वाच. नवं आधार हातात आलं की पॅन. त्या अर्जात आई एकल पालक आहे का, असा प्रश्न असतो. तो पर्याय लागू असेल तर फक्त आईचं नाव देता येतं. डिसेंबर २०१८ पासून ही सोय आहे. पॅन आणि आधारवरचं नाव एकच हवं, नाहीतर दोन्ही जोडताना अडतं. त्यामागून बँक. तिथे सहीचा नमुनाही बदलून घे. जुन्या सहीत आडनाव असेल तर नवी सही आधी कागदावर चांगली पन्नास वेळा घोटव, कारण सही जुळत नाही म्हणून बँक कामं परत पाठवते. मतदार नोंदणीसाठी नमुना ६ आणि लायसन्स यानंतर. पासपोर्ट सगळ्यात शेवटी, नव्या नावाचे दोन-तीन कागद हातात असताना. त्यात आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव दिलं तरी चालतं, डिसेंबर २०१६ पासून तसा नियम आहे. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर आपली परिस्थिती भरली की कागदांची यादी मिळते, तीच प्रमाण मान.

या रांगेत विद्यापीठ विसरू नकोस. प्रवेश जुन्या नावानं झालेला असेल. पहिल्याच वर्षी कॉलेजमार्फत विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे राजपत्र लावून नावबदलाचा अर्ज दे. शेवटच्या वर्षापर्यंत थांबलीस तर पदवीवर काय छापायचं हा वाद होतो. हल्ली शैक्षणिक क्रेडिटचं खातं आधारशी जोडलेलं असतं आणि नाव जुळलं नाही तर तिथेही अडकतं. शिष्यवृत्तीच्या अर्जाचं वेळापत्रक बघूनच आधार बदल. अर्ज मंजुरीच्या टप्प्यात असताना मधेच नाव बदलणं टाळ.

वडील, जमीन आणि मामा

वारसाहक्क नात्यावर मिळतो, नावावर नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ ची दुरुस्ती झाल्यापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानं मुलाइतकाच हक्क आहे, आणि वडील हयात असोत-नसोत तो मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात नक्की केलं. उद्या सातबाऱ्यावर वारसनोंद करायची वेळ आली, तर तू त्यांची मुलगी असल्याचा पुरावा म्हणजे तुझा जन्मदाखला. म्हणूनच तो बदलू नकोस असं म्हटलं. जन्मदाखला, राजपत्र आणि नवं आधार असे तीन कागद तलाठ्यासमोर ठेवले की फेरफाराला तेवढं पुरेसं व्हावं. पोटगीचंही तसंच. स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या अविवाहित मुलीचं पालनपोषण ही वडिलांची जबाबदारी हिंदू दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम २० मध्ये आहे. तू त्यांचं नाव लावत नाहीस म्हणून ती संपत नाही. आईनं तुझ्यासाठी पोटगीचा दावा लावलेला असेल तर वकिलांना नावबदल कळव, म्हणजे त्या प्रकरणात नवं नाव नोंदवता येईल.

वडिलांना सांगावं का, हा कायद्याचा प्रश्न नाही. सांगणं बंधनकारक नाही. आमचं मत विचारशील तर वैधता प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत विषय काढू नकोस. नंतर सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव, फक्त ते भांडणाच्या ओघात बाहेर पडू देऊ नकोस.

मामांना एवढंच सांग की लग्नानं नाव आपोआप बदलत नाही. नवऱ्याचं नाव लावलंच पाहिजे असा कायदा नाही. लग्नाचं प्रमाणपत्र दाखवून ज्यांना बदलायचं त्या बदलतात, बाकीच्या जन्माच्या नावानं राहतात. आधारवरच्या दोन संधींचा हिशेब त्यांच्यासमोर मांड. आत्ता एक वापरलीस आणि लग्नानंतर आणखी एक वापरलीस, तर पुढे साधं स्पेलिंग सुधारायलाही प्रादेशिक कार्यालयाकडे विनवण्या कराव्या लागतील.

राहिली आई. तिच्या विमा पॉलिसीत, बँकेच्या खात्यात, असल्यास भविष्य निर्वाह निधीत वारस म्हणून तुझं जुनं नाव लिहिलेलं असणार, शिधापत्रिकेवरही तेच. तुझं नवं आधार आलं की तिला सोबत घेऊन जा आणि प्रत्येक ठिकाणी नामनिर्देशनाचा नवा फॉर्म तिच्या सहीनं भरून पोच घे. तो फॉर्म तिलाच भरावा लागतो, तुला भरता येत नाही.